कर्मवीर भाऊराव आणि मूठभर जोंधळा

मागल्या सुगीनंतरची गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात पीक-पाण्याची बैठक संपली आणि आम्ही पाच-सहा जण देवळाच्या पारावर बसलो होतो. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या वसतिगृहासाठी ज्वारी गोळा करायची, असे गावाने ठरवले होते. साल काही चांगले गेलेले नव्हते. तरीही माणसे द्यायला तयार होती. संस्थेकडून आलेला गृहस्थ मात्र एक वाक्य जास्तीचे बोलून गेला होता. जो पोतेभर ज्वारी देईल त्याला आयकरात सूट मिळेल, असे त्याने सांगितले होते. त्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, की साहेब, आम्ही आयकर भरतच नाही, तर सूट कशातून कापून देणार?

प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. शेतीची पदविका घेताना खताचे हप्ते शिकवतात, आयकराची कलमे नव्हे. पुढे तालुक्याच्या गावी जाऊन जाणकारांना विचारले, ते खाली सांगतोच. पण त्याच बैठकीत कुणीतरी कर्मवीर अण्णांचे नाव काढले. अण्णांनी गावोगाव मूठमूठ धान्य मागितले तेव्हा लोकांनी कुठली सूट मागितली होती, असा त्याचा सवाल. म्हणून आधी अण्णांची हकीगत. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेली माणसे आपल्याकडे घरोघर आहेत, पण ती संस्था कुणाच्या धान्यावर उभी राहिली, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून. म्हणजे पोटाला चिमटा नव्हता, पण श्रीमंतीही नव्हती. पोरगा अंगापिंडाने दांडगा, तालमीचा नाद असलेला आणि अभ्यासात बेताचाच. लहानपणी विहिरीवर अस्पृश्य माणसांना पाणी मिळत नाही हे बघून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात.

शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये गेला आणि जैन बोर्डिंगात राहिला. तिथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. पुढे शाहू महाराजांचा आसरा मिळाला. मॅट्रिक काही झाले नाही. पण एका वसतिगृहातून जातीच्या कारणाने बाहेर काढलेला हा विद्यार्थी पुढे आयुष्यभर वसतिगृहेच काढत राहिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९१४ साली कोल्हापुरात गाजलेल्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्याचे नाकारल्यामुळे त्यांना तुरुंगही भोगावा लागला.

नांगर विकणारा माणूस

अण्णांच्या चरित्रातला जो भाग मला धंद्याच्या नात्याने जवळचा वाटतो, तो आता येतो. पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. मग ओगले काच कारखान्याचा माल विकला आणि त्यानंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायला गावोगाव फिरले. आज ट्रॅक्टरच्या जमान्यात लोखंडी नांगर विकणे म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण त्या काळी लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. किर्लोस्करांचे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. अशा ठिकाणी नुसते बोलून भागत नाही. नांगर रानात न्यावा लागतो, बैल जुंपावे लागतात, तास धरून दाखवावे लागते. त्याला आम्ही आज पीक प्रात्यक्षिक म्हणतो आणि त्याचे अहवाल भरतो.

या फिरतीत अण्णांनी सातारा भागातले शेकडो गाव पायाखाली घातले. कुणाच्या घरात किती धान्य आहे, कोण सावकाराच्या पाशात आहे, कुणाचे पोरगे हुशार असूनही गुरे राखते आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. पुढे त्यांनी लोकांकडे मागायला सुरुवात केली तेव्हा कुणाकडे काय मागावे हे त्यांना कळत होते, ते या फिरतीमुळेच, असे माझे मत आहे. देणगी मागणाऱ्याला दात्याचे घर ठाऊक असावे लागते. आमच्या गावात आलेल्या त्या गृहस्थाला ते ठाऊक नव्हते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याला, कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्था काढण्याचे ठरले. काले आणि नेर्ले येथे वसतिगृहे सुरू झाली. १९२४ साली अण्णांनी संस्था साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकही आपला आपण करत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

नाव मोठे मिळाले, पण रोजची भाकरी कुठून आणायची? वसतिगृह म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ पेटणारी चूल. शाळेची इमारत एकदा बांधली की पन्नास वर्षे उभी राहते, पण पोराच्या पोटाला कालची भाकरी आज चालत नाही. अण्णा फिरतीवर असत आणि घर व वसतिगृह सांभाळत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुले त्यांना वहिनी म्हणत. सणावाराला धान्य संपले आणि अण्णा गावात नाहीत, असे झाले की त्या अंगावरचा एखादा दागिना मोडत. असे करता करता दागिने संपले. शेवटी एकदा मुलांच्या तोंडात घास घालण्यासाठी त्यांनी मंगळसूत्रही विकले. त्या जैन घराण्यातल्या बाईने, जिच्या माहेरी-सासरी सोवळे-ओवळे पाळत होते, सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हाताने वाढले. १९३० साली त्या वारल्या. अण्णांच्या कामाचे पोवाडे सगळेच गातात, पण संस्थेची पहिली मोठी देणगीदार कोण, असे कुणी विचारले तर मी वहिनींचे नाव घेईन. त्या देणगीची पावती कुणी फाडली नाही.

मंदीचे दिवस आणि मुष्टिफंड

वहिनी गेल्या त्याच सुमारास जगभर मंदी आली होती. १९२९ नंतर दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. धान्य, गूळ, कापूस, सगळेच पडले. शेतसारा मात्र रोख रकमेत होता आणि तो काही भावाबरोबर उतरला नाही. सावकाराचे व्याजही उतरले नाही. म्हणजे पूर्वी जेवढ्या धान्यात सारा फिटत असे, त्याच्या दुप्पट धान्य विकावे लागू लागले. अशा वेळी शेतकऱ्याकडे जाऊन पाच रुपये मागणे म्हणजे त्याच्याकडे नसलेली वस्तू मागणे. रुपया त्याच्याकडे नव्हताच. धान्य मात्र कणगीत होते, आणि त्याला बाजारात किंमत नव्हती.

अण्णांचा मुष्टिफंड अशा काळाला पुरून उरला तो या कारणाने. घरातल्या बाईने दळण काढताना किंवा स्वयंपाकाला बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे आणि साठले की ते वसतिगृहाच्या पोरांनी घेऊन जायचे, अशी ती साधी पद्धत होती. एका मुठीने घरातल्या कुणाची भाकरी कमी होत नाही. पण शंभर घरांत महिनाभर मूठ पडली की पोती भरतात. हिशेब करून बघा. एक मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरली तर एका घरातून महिन्याला दीड किलो आणि शंभर घरांतून दीड क्विंटल.

यात आणखी एक गोष्ट होती, ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. मूठ टाकणारी बाई होती. रोख देणगी द्यायची तर ती नवऱ्याला किंवा सासऱ्याला विचारून द्यावी लागे. जात्यापाशी मात्र तिचेच राज्य. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हते, तिला या निमित्ताने दुसऱ्याच्या पोराच्या शिक्षणात वाटा मिळाला.

धान्याशिवाय कुणी जागा दिली, कुणी लाकूड, कुणी श्रम. साताऱ्यात धनिणीच्या बागेत वसतिगृहाला जागा मिळाली. मुलेही फुकट खात नव्हती. शेतात राबायचे, पाणी वाहायचे, दगड फोडायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे. कमवा आणि शिका ही योजना आज सरकारी परिपत्रकांत दिसते, तिची मुळे या रानात आहेत.

१९३२ साली पुणे करारानंतर अण्णांनी पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू केले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि साताऱ्यात शिक्षक तयार करण्याचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. मंदी अजून पुरती उठलेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नोंदणी झाली म्हणजे घटना आली, हिशेब आला, तपासणी आली. सोळा वर्षे शब्दावर आणि विश्वासावर चाललेले काम कागदावर आले. अण्णांना कागदाचा कंटाळा होता की नव्हता हे सोडा, पण त्यांनी तो टाळला नाही.

आता पारावरच्या प्रश्नाचे उत्तर

देणगीदाराला आयकरात जी सूट मिळते ती लोकांच्या तोंडी ८०-जी या नावाने आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९६८ पासून आले. म्हणजे अण्णा गेल्यानंतर नऊ वर्षांनी. २०२५ साली नवा आयकर कायदा झाला, त्यात कलमांचे आकडे बदलले, सूट मात्र राहिली. तिचे स्वरूप मला समजले ते असे.

शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ज्याचे सगळे उत्पन्न शेतीचेच, त्याला करच नाही, तेव्हा सूटही नाही. म्हाताऱ्याचा सवाल शंभर टक्के बरोबर होता. ज्याला शेतीखेरीज पगार, दुकान, आडत, भाडे असे करपात्र उत्पन्न आहे, त्याचाच या सवलतीशी संबंध. त्यातही धान्य, कपडे, वह्या अशी वस्तूरूप देणगी यात धरत नाहीत. पैसेच हवेत, आणि तेही २,००० रुपयांपर्यंतच रोख चालतात. त्यावरची देणगी धनादेशाने, ड्राफ्टने किंवा बँकेतून ऑनलाइन द्यावी लागते. शिवाय आयकराची नवी पद्धत स्वीकारणाऱ्याला ही सूट नाही. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यालाच ती मिळते. पगारदार गुरुजी आणि ग्रामसेवक मंडळींनी आपण कुठल्या पद्धतीत आहोत हे आधी पाहावे. बऱ्याच जणांना ते माहीतच नसते.

दुसरा गैरसमज रकमेचा. दहा हजार दिले की दहा हजार कर वाचला, असे काही जण समजतात. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे, आणि त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा असते. म्हणजे १०,००० रुपये दिले तर ५,००० रुपये उत्पन्नातून गेले. माणूस २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर कर वाचला सुमारे १,००० रुपये. बाकीचे ९,००० त्याने खरोखरच पदरचे दिले. मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या काही निधींना दिलेली रक्कम पूर्ण वजा होते, तो प्रकार वेगळा.

संस्थेच्या बाजूनेही कामे आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असली म्हणजे देणगीदाराला सूट आपोआप मिळत नाही. आयकर खात्याची स्वतंत्र मान्यता लागते. देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन यांचा तपशील खात्याकडे भरून विहित नमुन्यात प्रमाणपत्र द्यावे लागते. नुसत्या छापील पावतीवर आता भागत नाही. निनावी देणगी ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर शाळा-वसतिगृहासारख्या संस्थेला तिच्यावर कर बसतो, तोही ३० टक्क्यांनी. तेव्हा ज्या गावांत नवी मंडळे निघत आहेत, तिथल्या सरपंच आणि सचिवांनी पहिल्या दिवसापासून नावानिशी वही ठेवावी.

मंदीत या सवलतीचा उपयोग नाही, असे माझे म्हणणे नाही. तालुक्यातला व्यापारी, कारखान्यातला अधिकारी, शहरात नोकरीला गेलेला आपल्याच गावचा मुलगा यांच्यापुढे हात पसरताना ती जरूर सांगावी. त्यांचाही धंदा, नोकरी अडचणीत असते आणि हजार रुपये वाचले तर ते पुढच्या साली पुन्हा देतात. पण शेतकऱ्याला तिचे आमिष दाखवू नये. ते खोटे ठरते, आणि एकदा खोटे ठरले की पुढच्या सुगीला पोते येत नाही.

सरकारने हात आखडला तेव्हा

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे मुलांनी काम करून शिकायचे होते आणि फी द्यायची नव्हती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. खेड्यापाड्यांत संस्थेने चालवलेल्या व्हॉलंटरी शाळांची संख्याही शेकड्यांत गेली होती. कॉलेजच्या बाबतीत एक हकीगत सातारकर अजून सांगतात. एक धनिक मोठी रक्कम देऊ करत होता. अट एवढीच, की शिवाजी महाराजांचे नाव काढून आपल्या मर्जीचे नाव घालावे. अण्णांनी त्याला वाटेला लावले. प्रसंगी बापाचे नाव बदलीन पण हे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर होते म्हणतात. तिजोरीत पैसा नसताना मोठी रक्कम परत करणे सोपे नव्हे. पण ज्याच्या पाठीशी हजारो मुठी आहेत, त्याला एका मोठ्या हाताची मिजास सोसावी लागत नाही. त्यांनी काढलेल्या मोठ्या शाळा-कॉलेजांना शाहू, सयाजीराव, शिवाजी महाराज, गाडगे महाराज, मौलाना आझाद अशी नावे दिसतात. स्वतःचे नाव त्यांनी पुढे केले नाही.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढायचा संकल्प अण्णांनी सोडला. त्याच काळात त्यांच्या परखड बोलण्यावरून मुंबई सरकारशी बिनसले आणि १९४८ साली संस्थेचे अनुदान बंद झाले. शिक्षकांचे पगार, मुलांचे जेवण, सगळेच अडले. अण्णा पुन्हा गावोगाव फिरू लागले, वयाच्या साठीनंतर, अनवाणी. गावांनी पुन्हा हात दिला. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेसाठी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले, असे सांगितले जाते. स्वतःकडे खापरापलीकडे काही न ठेवणाऱ्या त्या संताने दुसऱ्याच्या संस्थेसाठी रदबदली केली. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले तेव्हा अण्णांनी त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले.

एक तक्रार मात्र नोंदवतो. अण्णांच्या जयंतीला भाषणे होतात, हार घातले जातात, पण मुष्टिफंडाचा हिशेब कसा ठेवत, धान्याची मापे कोण घेई, उंदीर-किडीपासून ते कसे राखत, हे कुणी सांगत नाही. आमच्यासारख्यांना ते जास्त उपयोगाचे. त्या वसतिगृहांत वावरलेली म्हातारी माणसे कुठे असतील तर गावच्या शिक्षकांनी त्यांच्याकडून हे लिहून घ्यावे.

१९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने अण्णांना पद्मभूषण दिले. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. दिली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला ती मिळाली तेव्हा तो आजारी होता. ९ मे १९५९ रोजी पुण्यात ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

पारावरच्या त्या मंडळींना मी पुढच्या खेपेला हे सगळे सांगितले. सूट मिळणार नाही हे ऐकून कुणी पोते मागे घेतले नाही. म्हाताऱ्याने एवढेच सांगितले, की पावती द्यायची तर रुपयांची नको, किलोंची द्या. सचिवांनी वजनकाटा मागवला. अकरा पोती भरली, प्रत्येकाच्या नावापुढे वजन लिहिले, आणि टेंपो अंधार पडायच्या आत वसतिगृहाकडे रवाना झाला.